साडेपाच इंची रॉकेट-किटला फायबरग्लास चढवावे का, आणि चढवायचे तर कुठे?

विचिटाकरीण

नमस्कार मंडळी. मी कॅन्ससमध्ये विचिटा येथे राहते आणि अर्गोनियाजवळच्या कुरणावर होणाऱ्या उड्डाणांना जमेल तेव्हा जाते. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, म्हणजे एच आणि आय या ताकदीच्या वर्गांतल्या रॉकेट-मोटरी मला उडवता येतात. आता दुसऱ्या पातळीची तयारी चालू असून तिची लेखी परीक्षा देऊन झाली आहे. उड्डाणासाठी साडेपाच इंच व्यासाच्या, जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांचे किट घेतले आहे. त्यात ४८ इंचांची खालची नळी, ३० इंचांची वरची नळी, प्लॅस्टिकचा नोज कोन (टोकाचा शंकू), पाव इंची प्लायवूडचे पर (शेपटाचे पंख) आणि ५४ मिलिमीटरचे मोटर माउंट (मोटर बसवायची आतली नळी) आहे. ॲडॉप्टर लावून प्रमाणपत्राचे उड्डाण ३८ मिलिमीटरच्या जे३५० मोटरवर करावे आणि पुढे त्याच रॉकेटवर के५५० उडवावी, असा बेत आहे. सर्व भाग, उंची मोजणारे अल्टिमीटर, दोन्ही पॅराशूट आणि भरलेली जे३५० धरून वजन सुमारे साडेसहा किलो होते.

क्लबमधील अनुभवी मंडळींत या बाबतीत सरळ दोन तट आहेत. एक गट म्हणतो की एवढ्या मोठ्या पुठ्ठ्याच्या रॉकेटला सहा औंसी काचतंतूंच्या कापडाचे दोन थर दिल्याशिवाय ते उडवूच नये. दुसरा गट म्हणतो की पुठ्ठा आहे तसाच रंगवावा आणि उडवावा. दोन्ही बाजूंचे लोक यशस्वी उड्डाणे करताना मी पाहिले आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरत नाही. फायबरग्लास खरोखर लागेल का, लागल्यास कोणते कापड आणि कोणते रेझिन (कापड चिकटवून कडक होणारे द्रव्य) वापरावे, आणि परांच्या खाचा आधी कापाव्यात की नंतर, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

ग्रॅमचा_हिशेब

तुम्ही वजन आधीच सांगितलेत हे बरे झाले, कारण या प्रश्नाचे उत्तर तराजूवरच मिळते.

नळीचा घेर साधारण ४४ सेंटिमीटर आणि लांबी १२२ सेंटिमीटर धरली, तर खालच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे ०.५४ चौरस मीटर होते. सहा औंसी कापड म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम, आणि हाताने केलेल्या कामात कापडाइतकेच वजन रेझिनचे धरावे लागते. त्यामुळे एका थराला सुमारे २२० ग्रॅम, दोन थरांना ४४० ग्रॅम, आणि वरच्या नळीचे आणखी २७५ ग्रॅम असा हिशेब होतो. पुठ्ठा पिऊन घेईल ते रेझिन, परांवरचे थर, आणि मागचे वजन वाढल्यामुळे गुरुत्वमध्य पुढे आणण्यासाठी नोज कोनात घालावे लागणारे शिसे हे सगळे मिळवले, की जवळजवळ एक किलो वाढलेच म्हणून समजा.

आता जे३५० चा सरासरी जोर ३५० न्यूटन. साडेसहा किलोच्या रॉकेटला तो वजनाच्या साडेपाच पट पडतो. साडेसात किलोला पावणेपाच पट. संघटनेच्या नियमावलीप्रमाणे उड्डाणाच्या वेळचे वजन सरासरी जोराच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावे, म्हणजे नियमात तुम्ही दोन्ही वेळा बसता, परंतु बहुतेक क्लबांत पाचपट हाच व्यवहारातला किमान आकडा मानतात. सरासरी जोर आणि रॉकेट ज्यावरून सुटते त्या रुळाची उपयोगी लांबी दोन मीटर धरली, तर रुळावरून सुटतानाचा वेग सेकंदाला तेरा मीटरच्या थोडा वरून बारा मीटरवर येतो. कॅन्ससच्या वाऱ्यात हा एक मीटर मला तरी महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट दोन थरांचा आग्रह धरणारे सहसा सांगत नाहीत. पॅराशूट तेच ठेवून वजन साडेसहावरून साडेसात किलो केले, तर उतरण्याचा वेग सुमारे सात टक्क्यांनी आणि आदळण्याची ऊर्जा सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. उतरताना मार सोसावा म्हणून आपण कवच चढवतो आणि त्याच कवचामुळे मार वाढतो, म्हणून पूर्ण ग्लासिंग (सगळीकडे फायबरग्लास चढवणे) करायचे असेल तर मोठ्या पॅराशूटचा खर्चही त्यातच धरावा.

या आकाराच्या पुठ्ठ्याच्या नळीला मोटरचा जोर सोसणे अजिबात जड जात नाही, कारण तो दाब नळीच्या लांबीच्या दिशेने येतो. तुमचे रॉकेट ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही जाणार नाही, त्यामुळे पाव इंची प्लायवूडचे पर थरथरून तुटतील ही भीतीही ठेवू नका. असे रॉकेट मोडते ते नळीच्या उघड्या कडांवर, जिथे वेळेआधी किंवा उशिरा पॅराशूट उघडल्यास शॉक कॉर्ड (रॉकेटचे भाग आणि पॅराशूट जोडणारी दोरी) पुठ्ठा चिरत खाली जाते. तुमच्या रचनेत अशा कडा दोनच आहेत: खालच्या नळीचे वरचे तोंड, जिथून ड्रोग, म्हणजे लहान पॅराशूट, बाहेर येते, आणि वरच्या नळीचे वरचे तोंड, जिथून मुख्य पॅराशूट बाहेर येते. तिथे दहा सेंटिमीटर रुंदीचा दोन थरांचा पट्टा द्या. एका थराचे वजन जेमतेम २० ग्रॅम भरते, म्हणजे दोन्ही ठिकाणी मिळून ८० ग्रॅमच्या आत काम होते. बाकी नळी साधी ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरडे_तळे

वरील हिशेबाशी माझा वाद नाही, निष्कर्षाशी थोडा आहे. मी दक्षिण कॅलिफोर्नियात ल्युसर्नच्या कोरड्या तळ्यावर उडवतो. तिथली जमीन उन्हाळ्यात फरशीसारखी कडक असते आणि रॉकेट परांवर आडवे पडले की पराच्या बुंध्याशी नळीला सुरकुती पडते. प्रमाणपत्राच्या उड्डाणात रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत परत यावे लागते. सुरकुती पडलेली नळी परीक्षक मान्य करतीलच असे सांगता येत नाही. शिवाय मोठे रॉकेट उड्डाणात जेवढे खराब होते त्याहून जास्त गाडीच्या डिकीत होते. पुठ्ठा दबतो, ओल धरतो, आणि मग कपलर (दोन नळ्या जोडणारी आतली नळी) घट्ट बसू लागतो.

म्हणून मी सुचवीन की खालच्या नळीला सहा औंसी कापडाचा एकच थर द्यावा, वरची नळी साधी ठेवावी आणि कडांचे पट्टे वर सांगितल्याप्रमाणे द्यावेत. अर्गोनियाची जमीन गवताची आणि मऊ आहे हे मान्य, परंतु रॉकेट पुढे कोणत्या मैदानावर जाईल हे आज कोण सांगणार?

मालवणचा_होडीवाला

ताई, रॉकेटातले मला काही कळत नाही, पण फायबरचे काम आमच्याकडे रोजचे आहे, म्हणून रेझिनविषयी दोन शब्द लिहितो. आम्ही होड्यांना पॉलिस्टर रेझिन वापरतो, कारण ते स्वस्त पडते आणि लवकर सुकते. तुमच्या कामाला ते घेऊ नका. ते सुकताना आकसते आणि आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागावर इपॉक्सी रेझिनइतके धरत नाही. नोज कोनात किंवा परांत कुठे थर्मोकोल असेल तर पॉलिस्टरमधील स्टायरीनमुळे तो विरघळून जाईल. इपॉक्सीने तसे होत नाही.

दुसरे म्हणजे, दुकानदार मॅट (न विणलेल्या काचतंतूंची चादर) देऊ लागला तर घेऊ नका. मॅटमधील तंतू ज्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात ते पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने सुटते आणि मगच मॅट वळणावर नीट बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे ती ताठच राहते आणि रेझिन मात्र भरपूर पिते. विणलेले कापडच घ्या.

विचिटाकरीण

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही मते वाचून मी असे ठरवते आहे की खालच्या नळीला एक थर, दोन्ही कडांना पट्टे आणि वरची नळी साधी. ओपनरॉकेट या संगणक-प्रणालीत हे वाढीव वजन भरून पाहिले. स्थिरतेचे अंतर (गुरुत्वमध्य आणि हवेच्या दाबाचे केंद्र यांमधले) दीड व्यासाच्या आसपास राहते आणि जोराचे प्रमाण पाचपटीच्या वर राहते. आता प्रत्यक्ष कृतीविषयी कोणी सविस्तर सांगेल का? नळीच्या वरचा गुळगुळीत कागद काढावा लागतो असे ऐकले आहे. गॅरेजमध्ये सध्या रात्री बरीच थंडी असते, याचाही विचार करावा लागेल.

थरावर_थर

मी विचिटातच विमानांच्या संमिश्र भागांच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न मला घरचा वाटतो.

तो चकचकीत कागद जायलाच हवा, नाहीतर तुमचा थर पुठ्ठ्याला न चिकटता त्या कागदाला चिकटेल आणि पहिल्याच मारात पापुद्र्यासारखा सुटेल. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी झिलई जाऊन नळी एकसारखी मंद दिसेपर्यंत घासा, पण पुठ्ठ्याचे तंतू उपसू नका. नळीवरच्या मळसूत्रासारख्या खोबणी आधीच हलक्या इपॉक्सी पुट्टीने भरून घ्याव्यात, कारण कापड खोबणीवरून ताणून बसते, खाली हवा राहते, आणि ती पोकळी रंगानंतरच दिसते.

रेझिन म्हणून वेस्ट सिस्टिम १०५ आणि सोबत २०६ हा सावकाश हार्डनर (रेझिन कडक करणारे द्रव्य) घ्या. आकारमानाने पाचास एक असे प्रमाण असते आणि साधारण २२ अंश सेल्सिअसला मिश्रण वीसेक मिनिटे हाताळता येते. २०५ हा जलद हार्डनर दहा मिनिटांतच दाटू लागतो आणि चार फुटांच्या नळीवर एकट्या माणसाची तारांबळ उडते. मात्र २०६ ला १५-१६ अंशांहून कमी तापमान चालत नाही, म्हणून रात्रीच्या थंडीत काम करायचे असल्यास नळी गरम खोलीत हलवा. सुकवण्यासाठी हार्डनर जास्त घालणे हा उपाय नव्हे, त्याने रेझिन कायमचे मऊ राहते. कालवलेले रेझिन खोल पेल्यात ठेवू नका. ते स्वतःच्या उष्णतेने तापते आणि धूर काढू लागते. पसरट ताटलीत ओतले की वेळ मिळतो.

कापड ५० इंच पन्ह्याचे मिळते, म्हणजे ४८ इंचांची नळी पन्ह्यात आडवी बसते आणि घेरासाठी ४४ सेंटिमीटर अधिक अडीच सेंटिमीटर मोड (कडेवर कड येणारा भाग) एवढेच कापावे लागते. नळीतून एक दांडा घालून तो दोन टेकूंवर ठेवा, म्हणजे नळी फिरवत काम करता येते. दोन्ही तोंडांत मेणकागद गुंडाळलेला कपलर ठेवल्यास तोंडे गोल राहतात आणि रेझिन आत शिरत नाही. दरवाजाच्या चौकटीसारख्या सरळ काटकोनी पट्टीने नळीवर लांबीची एक रेघ मारून घ्या आणि कापडाची कड तिच्यावरच बसवा, कारण चार फुटांत कापड किंचित तिरपे झाले तरी दुसऱ्या टोकाला मोड उलगडते. आधी नळीला रेझिनचा पातळ हात द्या, मग कापड टेकवा, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून टोकांकडे हवा काढत जा. कापड पारदर्शक दिसू लागले की पुरे. वर रेझिन चमकत असेल तर ते जास्तीचे आहे, ते निपटून काढा. ताकद कापडात असते, जास्तीचे रेझिन नुसते वजन वाढवते.

त्यावर पील प्लाय, म्हणजे इपॉक्सी न धरणारे नायलॉनचे कापड, गुंडाळता आले तर जरूर गुंडाळा. ते जास्तीचे रेझिन शोषून घेते आणि सुकल्यावर सोलून काढले की घासण्याचे निम्मे काम वाचते. पील प्लाय न वापरल्यास सुकलेल्या थरावर मेणासारखा तवंग येतो. तो पाण्याने आणि भांडी घासण्याच्या खरखरीत पॅडने धुऊन टाकल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका, नाहीतर तो तवंग घासून आत मुरतो आणि पुढचा रंग सुटतो. टोकांना बाहेर आलेले कापड रेझिन चामड्यासारखे झाले असताना पात्याने कापावे. पूर्ण कडक झाल्यावर करवतच लागते.

नायट्राइलचे हातमोजे आणि घासताना चांगला श्वसनमास्क हे ऐच्छिक समजू नका. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती जात नाही. आमच्या व्यवसायात या कारणाने काम बदलावे लागलेली माणसे आहेत.

खाचांबद्दल: ग्लासिंग आधी, खाचा नंतर. किटमध्ये खाचा आधीच कापलेल्या असतील तर कापड त्यांवरूनच ओढून घ्या आणि सुकल्यावर आतून दिवा धरून पात्याने खाच मोकळी करा. पर लावताना ते मोटरच्या नळीला आतून टेकले पाहिजेत, आणि आतले फिलेट (सांध्यात भरलेली इपॉक्सीची गोलसर पट्टी) बाहेरच्या फिलेटांपेक्षा महत्त्वाचे आहेत. ते नीट असतील तर एका पराच्या टोकापासून दुसऱ्या पराच्या टोकापर्यंत कापड ओढण्याची तुमच्या रॉकेटला गरज नाही, आणि ते वजन नेमके सर्वात मागे पडते.

विचिटाकरीण

फार उपयुक्त माहिती मिळाली. दोन शंका उरतात. कडेच्या पट्ट्यामुळे वरच्या नळीचे तोंड नोज कोनापेक्षा जाड होऊन पायरी दिसेल, तिचे काय करावे? आणि कोणी तरी मला कार्बन फायबरचा पट्टा द्यायला सुचवले आहे, तो बरा का?

थरावर_थर

सहा औंसी कापडाचा थर पाव मिलिमीटरहून थोडा कमी भरतो, म्हणजे दोन थरांच्या पट्ट्याने व्यास एक मिलिमीटरने वाढेल. दुसरा थर पहिल्यापेक्षा दोन सेंटिमीटर अरुंद ठेवा, त्याची खालची कड पुट्टीने उतरती करा आणि वरच्या तोंडाशी शेवटचा सेंटिमीटर हलका घासून घ्या. प्लॅस्टिकच्या कोनावर पुट्टी धरत नाही, त्यामुळे कोन जाड करण्याच्या फंदात पडू नका. उरलेली अर्ध्या मिलिमीटरची पायरी हवेला कळणारही नाही.

कार्बन घेऊ नका. त्यातून रेडिओ लहरी जात नाहीत, आणि वरच्या नळीत कधी जीपीएस ट्रॅकर बसवलात तर त्याच पट्ट्याआड त्याचा अँटेना येण्याची शक्यता आहे. काचेच्या कापडाला ही अडचण नाही.

ग्रॅमचा_हिशेब

एक भर घालतो. अल्टिमीटरच्या कप्प्याची हवेची छिद्रे ग्लासिंग आणि रंग दोन्ही झाल्यावरच पाडा, आणि त्यांच्या कडा आतून-बाहेरून घासून साफ करा. छिद्राच्या कडेला रेझिनचा उंचवटा राहिला तर तिथे हवेचा प्रवाह ढवळतो आणि दाबाचे वाचन बिघडते. आणि सगळे सुकल्यावर प्रत्यक्ष वजन व गुरुत्वमध्य मोजून ओपनरॉकेटमध्ये अंदाजाच्या आकड्यांच्या जागी तेच भरा, मग मुख्य पॅराशूटचे माप ठरवा.