वर्गणी भरली नाही म्हणून बंबाने घर जळू द्यायचं?

टेनेसीची_ताई:
आम्ही अमेरिकेत टेनेसी राज्यात शहराबाहेर घर घेतलं. शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "फायरचे पैसे भरलेत ना?" मला वाटलं, विम्याचं विचारताहेत. पण इथे शहराच्या हद्दीबाहेर काही भागांत बंबासाठी वर्षाची वेगळी वर्गणी असते. मग २०१० सालची गोष्ट कळली. ओबायन काउंटीतल्या एका कुटुंबाची साउथ फुल्टन शहराच्या अग्निशमन दलाची ७५ डॉलर वर्गणी राहिली होती. आग लागल्यावर त्यांनी फोनवर लागेल तेवढे पैसे द्यायची तयारी दाखवली, तरी बंब आला नाही. वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याच्या शेताला आग पोचली तेव्हा आला, तेवढीच विझवली. घर डोळ्यांदेखत जळालं, आत तीन कुत्री आणि एक मांजर. आम्ही त्याच संध्याकाळी पैसे भरले, पण मन थाऱ्यावर नाही. हे कुणाला पटतं का?

हिशेबी:
वाईट वाटतं, पण आग लागल्यावर पैसे घेतले तर आधी कोण भरेल? अपघात झाल्यावर विम्याचा हप्ता घेतात का? गाडी, डिझेल, माणसांचे पगार वर्षभर चालूच असतात.

निवृत्त_फायरमन:
ताई, मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात २८ वर्षं काढली. आमच्याकडेही हद्दीबाहेरची वर्दी आली की वरून परवानगी आणि मागाहून बिल. एकदा उन्हाळ्यात शेजारच्या गावातून कडब्याच्या गंजीची वर्दी आली. गाडी चालू करून आम्ही बसलो आणि साहेबांचा फोन लागेना. अर्धा तास गेला. पोचलो तेव्हा गंजीची राख आणि गोठा खाली बसलेला. खुंट्याला साखळी तशीच होती, उचलायला गेलो तर तळहाताला चटका बसला. गाय तिथेच होती. म्हातारा काही बोलला नाही, आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. ते पाणी मला आजही गिळवत नाही.

हिशेबी साहेब, विमा जळून गेल्यावर पैसे देतो. बंबाचं काम पहिल्या काही मिनिटांचं, ती गेली की पैसे असून उपयोग नाही. आणि टेनेसीत पैसे तरी कुठे वाचले? गाडी आलीच, डिझेल जळलंच, माणसं उभीच होती. फक्त नोझल दुसरीकडे वळवला. पुढच्याच वर्षी तिथे आणखी एक घर असंच गेलं. शेवटी २०१२ मध्ये त्याच शहराने नियम बदलला: बंब सगळीकडे जाणार, वर्गणी नसेल त्याला ३,५०० डॉलरचं बिल. हेच आधी करता आलं असतं. आधी आग विझवा, मग सोडू नका, खुशाल दंड लावा.

हिशेबी:
आणि बिल बुडवलं तर?

निवृत्त_फायरमन:
घरपट्टी थकली तर काय करता? नोटीस, वसुली, जप्ती. ती वाट आहेच. खरं तर ही वर्गणी घरपट्टीतच घालावी, म्हणजे कुणाची विसरायचीच नाही. विसरणारे बहुतेक म्हातारे नाहीतर हातावर पोट असलेले असतात.

टेनेसीची_ताई:
काका, म्हाताऱ्यांचं वाचून आठवलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजोबा एकटेच राहतात. लाकडाची शेगडी पेटवतात, रोज धूर दिसतो. उद्या सकाळी जाऊन त्यांनी भरलेत का विचारते. नसतील तर आम्ही भरतो.