बॅरलचं ऑइल, 400 मिली आणि माझं डोकं

काउंटरवाला: काल इथं एकानं टाकलं, 'शोरूममध्ये ऑइल कुणी मोजत नाही, बिल अंदाजपंचे.' अकरा वर्षं पार्ट्स काउंटरला बसतोय, म्हणून लिहितो. 210 लिटरचा बॅरल, गनवर मीटर, जॉब कार्डाचा, म्हणजे त्या गाडीच्या कामाच्या कागदाचा, नंबर नोंदवल्याशिवाय गन हातात देत नाही. खरं, गाडीला लागतं 3.1 आणि पोरगं ओढतं 3.2. बिल 3.1 चंच. वीस गाड्या म्हणजे रोज दोन लिटर. पंचवीस दिवसांत पाव बॅरल गायब, आणि साहेब विचारतो मला!

टिळकवाडी: रडगाणं ऐकलं. माझ्या गाडीच्या पुस्तकात 3.1, बिलात 3.5. म्हणे सीलबंद डबा तेवढाच येतो. उरलेलं 400 मिली बाटलीत द्या म्हटलं तर ॲडव्हायझर हसला. त्या 400 मिलीवर 18 टक्के जीएसटीसुद्धा मीच भरला.

काउंटरवाला: तो डबा. मी बॅरलचं बोलूलालोय. शिवाय उन्हात ऑइल फुगतं, दहा डिग्रीला बॅरलमागं दीड लिटरचा फरक पडतो.

टिळकवाडी: मग थंडीत आकसल्यावर बिल कमी करता काय वो?

खानापूरचा गडी: नवं ऑइल राहू दे. काढलेलं जळकं ऑइल कुणाचं? पैसे माझे, गाडी माझी, आणि ते रोखीनं सेंट्रिंगवाल्याला! प्लेटांना फासायला नेतात, डोळ्यांनी बघितलंय.

उद्यमबाग: तसं विकता येत नाही. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत जळकं ऑइल येतं, परवानाधारक रिसायकलरलाच द्यावं लागतं. आमच्या गॅरेजात त्याचा वेगळा बॅरल आहे, रजिस्टर आहे.

खानापूरचा गडी: रजिस्टर! वाळवी लागू नये म्हणून आमच्यात वाशांना पिढ्यान्‌पिढ्या तेच फासतात. आता काय पोलीस आणता?

निपाणीकर: फासा बाबा. आमच्या चुलत्यानं ट्रॅक्टरचं ऑइल बदलून डबा विहिरीच्या काठावर ठेवला, रेडकानं लाथ मारली. दोन महिने पाण्यावर इंद्रधनुष्य. बायका शेजारच्या मळ्यातनं घागरी आणत होत्या आणि चुलता कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

खानापूरचा गडी: रेडकाचा दोष माझ्या माथी मारू नका.

उद्यमबाग: तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

टिळकवाडी: विहीर झाली, रेडकू झालं. माझं 400 मिली?

काउंटरवाला: बरं, पैसे डब्याचे घेतले तर उरलेलं तुमचं. मान्य. झालं समाधान? आमच्याकडं याल तेव्हा बाटली आणा, घट्ट झाकणाची. काउंटरवर सांडलात तर पुसायचं कॉटन वेस्ट बिलात लावीन, मोजून.