परजीवी अंगरखा बदलत असेल, तर औषधाने नेम कशावर धरायचा?

जिज्ञासू (प्रश्न)

निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाविषयी वाचताना एक शंका मनात रुतून बसली आहे. हा परजीवी पेशीच्या आत लपत नाही. तो रक्तात, प्रतिपिंडांच्या ऐन गर्दीत उघड्यावर राहतो आणि तरीही महिनोन्महिने टिकतो, कारण अंगावरचे प्रथिनांचे आवरण तो अधूनमधून बदलतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून बहुतेक परजीवी मारावेत, तोवर मूठभरांनी वेगळे आवरण धारण केलेले असावे आणि त्यांचीच पुन्हा वाढ व्हावी, असे हे चक्र आहे. लस का जमत नाही, हे त्यावरून समजते. औषधाचे मात्र समजत नाही. प्रतिकारशक्तीला चकवण्याची ही यंत्रणाच त्याचे वर्म ठरू शकते का, की नवी लक्ष्ये शोधणारे तिचा नाद सोडून पेशीत भलतीकडेच पाहतात?

सूक्ष्मदर्शी

ठरू शकते, फक्त अंगरखा आणि तो शिवणारा कारखाना या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. एका ट्रिपॅनोसोमाच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे १ कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात. जनुकसंचात अशा आवरणांची २,००० हून अधिक जनुके आहेत, त्यांपैकी बरीच मोडकीतोडकी असली तरी त्यांचे तुकडे जोडून नवी आवरणे घडवता येतात, आणि तरीही एका वेळी एकच जनुक वाचले जाते. आवरणावर नेम धरला तर तो चुकणारच. परंतु आवरण कोणतेही असो, ते तयार करणारी, पृष्ठभागावर नेऊन बसवणारी आणि एका वेळी एकच जनुक चालू ठेवणारी यंत्रणा बदलत नाही.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या संदर्भात फार बोलका वाटतो. ट्रिपॅनोसोमामध्ये आवरणाच्या प्रथिनाचे उत्पादन मुद्दाम थांबवले गेले. जुने आवरण अंगावर जवळजवळ शाबूत होते, तरीही पेशींनी विभाजन मध्येच थांबवले. केंद्रक दोन झाले, पण पेशी दुभंगली नाही. म्हणजे कापड संपण्याआधीच कारखान्याने कामकाज बंद केले. उंदरांच्या शरीरात हेच केल्यावर परजीवी झपाट्याने नाहीसे झाले.

आणखी एक विचित्र बाब अशी की, इतर सजीवांत केवळ रायबोसोमचा (पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या यंत्राचा) आरएनए बनवणारे पॉलिमरेज-१ हे विकर (एन्झाइम) ट्रिपॅनोसोमा आपल्या आवरणासाठीही वापरतो. कर्करोगासाठी तपासल्या गेलेल्या पॉलिमरेज-१ रोधकांपैकी काहींनी प्रयोगशाळेत मानवी पेशींपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत हे परजीवी मारले आहेत. औषध अर्थातच अजून दूर आहे.

जुना_खोडकर

वरील प्रतिसाद पटला, पण त्यातून अशी समजूत होऊ नये की आधी लक्ष्य हेरले जाते आणि मग औषध घडते. या क्षेत्रात बहुधा उलटेच झाले आहे. शिस्टोसोमा कृमीवरील प्राझिक्वांटेल १९७० च्या दशकात आले, कोट्यवधी लोकांनी ते घेतले, आणि कृमीच्या पेशीपटलातील ज्या आयन-वाहिनीवर ते काम करते ती २०१९ मध्ये उजेडात आली.

या औषधाचे उदाहरण आपल्या प्रश्नाला थेट भिडते. शिस्टोसोमा रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो; तो यजमानाचेच काही रेणू, अगदी रक्तगटाचे ग्लायकोलिपिडसुद्धा, अंगावर चढवून घरचाच असल्यासारखा वावरतो. प्राझिक्वांटेलमुळे त्याच्या शरीरात कॅल्शियम घुसते, स्नायू आखडतात, त्वचेला फोड येऊन ती फाटते आणि आत दडलेले प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्यांना ओळखतात ते रेणू, उघडे पडतात. उरलेले काम प्रतिपिंडे करतात. ज्या उंदरांमध्ये प्रतिपिंडे तयारच होत नाहीत, त्यांच्यात हे औषध लक्षणीयरीत्या कमी पडते. तेव्हा परजीवीला ठार न मारता फक्त उघडा पाडणारे संयुगही उपयोगी ठरेल, आणि काचेच्या बशीत केवळ मेलेले परजीवी मोजणाऱ्या चाचणीत असे संयुग नापास होऊन कचऱ्यात जाईल, अशी माझी जुनी तक्रार आहे.

जिज्ञासू

हा शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. कारखान्याचा युक्तिवाद हिवतापालाही लागू पडतो का? तिथे परजीवी तांबड्या पेशीत बसलेला असतो, म्हणून विचारतो.

सूक्ष्मदर्शी

लागू पडतो, आणि कदाचित अधिक ठळकपणे. फाल्सिपॅरम जातीचा परजीवी आतून एक चिकट प्रथिन बाहेर पाठवून तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर बसवतो. त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते आणि प्लीहेत जाऊन गाळली जाण्यापासून वाचते. या प्रथिनाची सुमारे ६० जनुके आहेत आणि इथेही एका वेळी बहुधा एकच चालते. मात्र बाहेर जाणाऱ्या शेकडो प्रथिनांना एकच दरवाजा आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांचे सुरुवातीचे टोक आधी प्लाझ्मेप्सिन-५ हे विकर छाटते. २०१४ मध्ये दरवाजा आणि कात्री या दोन्हींवर स्वतंत्र प्रयोग झाले. दोन्ही प्रकारे प्रथिनांची निर्यात अडली आणि परजीवी मेले. अडचण निवडकपणाची आहे, कारण मानवी शरीरातील रेनिनसारखी विकरे याच कुळातली आहेत आणि संयुगाने त्यांना स्पर्श करता कामा नये.

जुना_खोडकर

एक पुरवणी जोडतो. आधी औषध आणि मग लक्ष्य, या उलट्या वाटेचीही आता पद्धतशीर रीत झाली आहे: परजीवी मारणारे संयुग सापडले की त्याच्या अपुऱ्या मात्रेत परजीवी महिनोन्महिने वाढवायचे, जे तग धरतील त्यांचा जनुकसंच वाचायचा आणि कोणते जनुक बदलले ते पाहायचे. हिवतापावरील सिपारगामिन या संयुगाचे लक्ष्य, परजीवीतील सोडियम बाहेर फेकणारा पंप, २०१० मध्ये याच रीतीने हाती लागले. चकवण्याच्या यंत्रणेशी त्या पंपाचा काही संबंध नाही, हेही नोंदवून ठेवतो.