येळवशीची कोप आणि नाताळची चांदणी एकाच लेकराने बांधली तर बिघडलं कुठं?

मांजराकाठची
परवा लातूरकरांच्या ग्रुपवर औशाच्या एका सरांनी लिहिलं, "घरात नाताळचं झाड लावणारे, केक करणारे मराठी आईबाप लेकरांना आपल्याच मातीत उपरं करायलेत. २०२५ ची येळवस १९ डिसेंबरला झाली, किती जणांनी पोरं शेतात नेली? आधी कोप बांधायला शिकवा, मग चांदण्या लटकवा." मी तिथंच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं म्हणून इथं टाकते. बाहेरच्यांसाठी: येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा आमचा रानातला सण. त्या दिवशी शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, बांधतात आणि तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजतात.

सर, आम्ही नेली. पहाटे चारला उठून भज्जीला, म्हणजे सणाच्या मिसळीच्या भाजीला, बेसन लावलं, आंबिलीचं बिंदगं (भांडं) आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. लेक नऊ वर्षांचा आहे. आजोबांच्या हाताखाली त्याने कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्याला बांधल्या, खाली फाकवल्या, मागून दोर आवळला. लेकीने पाच दगडांना चुना आणि काव लावली आणि एका पांडवाला डोळे काढले. आजेसासू आधी रागावल्या. मग म्हणाल्या, राहू दे, बघू दे त्याला रान.

कोपीतून उरलेली कडब्याची चार-सहा ताटं पोराने गाडीत टाकून आणली. रविवारी त्याचीच चांदणी झाली. त्याने मला शिकवलं की ताट पेरापाशी मोडतं, म्हणून गाठ पेर सोडून मारायची. हे त्याला कोपीत आजोबांनी सांगितलेलं. पतंगाचा कागद कणकेच्या खळीने चिकटवला. रव्याचा केक मी कुकरमध्ये खाली वाळू घालून केला, शिट्टी काढून. विकतचं घरात काय आलं, तर कागद आणि बल्ब.

तुमचा राग विकतच्या गोष्टींवर असेल तर मी तुमच्याच बाजूची आहे. लेकराने स्वतःच्या हाताने जे केलं ते त्याच्यापाशी राहतं, मग ती कोप असो की चांदणी. पण चांदणी केल्यामुळे कोप विसरते, हे मला तुम्ही दाखवून द्या.

औशाचा_मास्तर
ताई, तुमचं एक घर झालं. मी रोज पोरांत उभा असतो. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, शेतात कोण कोण गेलं? निम्मे हातसुद्धा वर झाले नाहीत. सांता काय देतो विचारलं तर सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. जिल्हाधिकारी या सणाची स्थानिक सुट्टी देतात, लातुरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात असं आपण अभिमानाने सांगतो. जरा क्लासच्या गल्लीत जाऊन बघा, किती सायकली लागलेल्या असतात ते. माझ्या भावाची पोरगी बारावीला आहे. तिला विचारलं, येतीस का रानात? म्हणाली, काका, टेस्ट आहे. तीन वर्षं झाली तिनं रानात आंबील शिंपडत चर शिंपलेला नाही. धाकटी असताना माझ्या खांद्यावर बसून "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडायची, आवाज बसेपर्यंत.

पोरांकडं दिवस मोजके असतात. एक नवं आत आलं की एक जुनं बाहेर जातं. हे मी वीस वर्षं बघतोय.

मांजराकाठची
क्लासने येळवस खाल्ली, मग राग नाताळवर कशाला?

जालनेकरीण
मधेच बोलते. आम्ही ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या जालन्याच्या. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्याला निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली. ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. म्हणजे आमचा नाताळ मराठवाड्यात मॉलबरोबर आलेला नाही.

माझ्या लहानपणी सांता नव्हताच. चर्चमध्ये पेटी, ढोलकी, टाळ आणि मराठी भजनं. घरी महिनाअखेरीला आई आणि मावशी करंज्यांना बसायच्या. दाराला चांदणी असायची, तीही वडील बांबूच्या कामट्या तासून करायचे. आणि गव्हाण! येशूबाळ गव्हाणीत निजलेला असतो, तर गव्हाणीत वैरण हवी. आमच्या गव्हाणीत ज्वारीचा कडबा असायचा, शेजारच्या पाटलांच्या गंजीतून मागून आणलेला. अजूनही तोच लागतो. कात्रीने बारीक करायचं काम माझ्याकडे होतं, आता माझ्या लेकाकडे आहे.

संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायराचे बिशप, ते गाव आजच्या तुर्कस्तानात. त्यांचा दिवस ६ डिसेंबर. त्या लाल डगल्यातल्या म्हाताऱ्यावर तुम्ही राग काढा, मला काही वाटणार नाही. पण सर, नाताळ करणारं लेकरू "मातीत उपरं" होतं असं लिहिताना याच मातीतली आमची लेकरं डोळ्यासमोर आली नाहीत का? मी ते वाचलं आणि दिवसभर हातात काम घेतलं नाही.

औशाचा_मास्तर
ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. पण वाक्य तसंच वाचलं जातं हे खरं. ते वाक्य मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. तुमचा सण तुमच्या श्रद्धेतून येतो. आमच्या गल्लीत जे चाललंय त्यात ना श्रद्धा ना माती, आहे फक्त शाळेची नोटीस.

संभाजीनगरचा_बाप
नोटिशीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. लेकीच्या शाळेचा निरोप आला, सोमवारी लाल ड्रेस, पांढरी दाढी, टोपी. दुकानात गेलो तर नुसत्या डगल्याला साडेचारशे रुपये. कापड असलं की खाजेनं पोरीची मान लाल झाली. एक दिवसाचं काम, मग कपाटात. आषाढीला नऊवारी, गोकुळाष्टमीला मोरपीस, आता दाढी. घरी शिवून देतो म्हटलं तर बाई म्हणाल्या, सगळ्यांचं सारखं दिसलं पाहिजे. सण कुठला का असेना, आईबापाच्या खिशाला चाट तीच. मास्तर, तुम्ही शिक्षक आहात ना? तुमच्या शाळेतून असला निरोप जातो का, ते आधी सांगा.

औशाचा_मास्तर
जातो. माझ्या सहीने जात नाही, पण जातो. सभेत मी बोललो होतो, ऐकलं नाही कुणी. पोरं घेऊन शाळेमागच्या रानात जाऊ म्हटलं तर जबाबदारी कोण घेणार, असं विचारलं.

उदगीरची_सून
मांजराकाठची ताई, तुम्ही भज्जीला नुसतं बेसन लावता? आमच्याकडे डाळ भरडून घेतात, आणि थोडं ज्वारीचं पीठ. तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाल, वाटाणा, गाजर, मेथी, कांद्याची पात, सगळं आदल्या रात्री निवडून ठेवायचं. बेसनाने चिकट होते आणि थंड झाली की खाववत नाही. भज्जी शेतात थंडच खायची असते ना?

तेरणाकाठ
ज्वारीचं पीठ भज्जीत? ते आंबिलीत. भज्जीला बेसनच, आणि चिंचेचं पाणी. ताक भज्जीत घालणारेही बघितलेत मी.

उदगीरची_सून
आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून तशीच होते. तुमच्याकडे नाही म्हणून चूक, असं कसं?

तेरणाकाठ
चूक म्हणालो नाही, भज्जी नाही म्हणालो. त्याला पिठलं म्हणा.

उदगीरची_सून
दादा, शंभर माणसांची भज्जी रांधलीत का कधी? पहाटे दोनला उठून, चुलीपुढं, डोळ्यात धूर घेऊन? बायका रांधतात आणि बाप्ये कोपीत बसून नावं ठेवतात. सणाच्या गप्पा मारताना हे कुणी लिहीत नाही. लेकरांना शिकवायचंच तर पोरांनाही दाणे सोलायला बसवा.

तेरणाकाठ
सोलायला बसतो मी, यंदाही बसलो. पिठल्याचं बोललो ते चुकलं, राहू द्या.

पण मला खरं बोलायचंय ते कडब्याचं. ताईंना पाच पेंढ्या घरच्या मिळाल्या, नशीबवान आहात. आमच्या शिवारात ज्वारी हुडकावी लागते. सगळं सोयाबीन. का, तर शंभरेक दिवसांत हाती येतं, दिवाळीच्या तोंडाला पैसा होतो. रब्बीच्या ज्वारीला पाखरं राखा, उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. माझ्या बापानं मालदांडी ज्वारी कधी चुकवली नाही, मी चुकवली. मग सप्टेंबरच्या पुरानं यंदा सोयाबीनही नेलं, वर माती खरडून नेली. बांधावर उभा राहिलो तर पाय ठेवायला काळं रान नाही, खाली मुरूम दिसतोय. येळवशीला दोन गावं पलीकडून पाच पेंढ्या विकत आणल्या. कोपीसाठी कडबा विकत! आईला सांगितलं नाही, भावकीतून मिळाला म्हणालो. शेजाऱ्यानं शेडनेटची कोप केली, एकाने जुन्या साड्यांची. मास्तर, तुम्ही म्हणता कोप बांधायला शिकवा. कशाची बांधायची ते सांगा. सांता आला काय आणि गेला काय, ज्वारी गेली की येळवस गेली.

औशाचा_मास्तर
याला माझ्याकडे उत्तर नाही. माझंही रान सोयाबीनचंच आहे.

तेरणाकाठ
आणि एक. "वेळ अमावस्या" लिहू नका कुणी. ते कागदावरचं झालं. शब्द कानडीतून आलाय, तिकडं एळ्ळ अमावास्ये म्हणतात. आपली येळवस.

मांजराकाठची
तेरणाकाठ भाऊ, हेच तर मी म्हणतेय. सण आपला म्हणतो, नाव कानडी. "ओलगे ओलगे"चा अर्थ माझ्या सासऱ्यांनाही सांगता येत नाही, तरी ओरडताना त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. शेजारचं घेऊन आपण ते आपलं केलंच ना?

औशाचा_मास्तर
ताई, कानडी मुलूख आपल्या बांधाला बांध लावून आहे. तिथंही हीच ज्वारी, हीच काळी माती. बर्फातला म्हातारा आणि बर्फ म्हणून कापूस चिकटवलेलं झाड त्यात बसवू नका. तुलना ओढूनताणून आहे.

जालनेकरीण
पण चांदणी बर्फातली नाही, सर. ती बेथलेहेमची आहे. तिथं मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, तेव्हा ही बातमी त्यांना आधी कळली. राजवाड्यात नाही, रानात. रात्री राखणीला जागणाऱ्याला हे काही परकं नाही.

किल्लारीकडचा
मी सहसा लिहीत नाही. १९९३ ला मी आठ वर्षांचा होतो. गणपती विसर्जन झालं, त्याच पहाटे, ३० सप्टेंबरला, भूकंपात घर पडलं. मातीवर रचलेल्या जाड दगडी भिंती, खाली धाकटा भाऊ. पुढचं लिहीत नाही.

डिसेंबरात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. मदतीला बाहेरून माणसं आलेली. त्यात एक बाई होत्या, पोरांच्या जखमा बांधायच्या. नाताळच्या आदल्या दिवशी त्या आजीकडे आल्या आणि पोरांसाठी चांदणी करायची आहे, काही काड्या मिळतील का, असं विचारलं. आजीने येळवशीच्या कोपीसाठी एक पेंढी बाजूला ठेवलेली होती, कुणालाच हात लावू देत नव्हती. तिनं ती सोडली आणि ताटं काढून दिली. आम्ही सात-आठ पोरांनी चांदणी बांधली, कागद नव्हता म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. त्या दिवशी मी भूकंपानंतर पहिल्यांदा हसलो, असं आई सांगते.

जानेवारीत येळवस आली. चार ताटांनी बारीक झालेली तीच पेंढी घेऊन आजी रानात गेली. कोप वाकडी झाली. पांडवांसाठी तिनं पाच दगड पडलेल्या घरातलेच आणले. बापाला ते बघवेना. आजी म्हणाली, दगडाचा काय दोष, आणि चुना लावायला बसली. ते पाच दगड अजून आमच्या बांधाला आहेत. दरवर्षी माझ्या लेकी त्यांना काव लावतात.

मास्तर, आजीनं तेव्हा कोपीचा कडबा चांदणीला दिला. मला त्यात काही गेल्यासारखं वाटलं नाही.

उदगीरची_सून
दादा, वाचून पुढं काही सुचत नाही.

संभाजीनगरचा_बाप
माझा साडेचारशेचा मुद्दा इथं फार बारका वाटायला लागला. तरी नोटीस काढणाऱ्यांनी वाचावं हे.

औशाचा_मास्तर
किल्लारीकडच्या भावांशी वाद घालणार नाही. त्यांच्या आजीला जे कळलं ते मला वर्गात उभं राहून कळेलच असं नाही. सांताच्या दाढीबद्दल माझं मत तेच आहे, पोरांना रानात नेलं पाहिजे हेही तेच. चांदणीबद्दल लिहिलेलं मात्र आता माझ्याच गळी उतरत नाही.

मांजराकाठची ताई, एक विचारतो. शाळेत कार्यानुभवाचा तास शनिवारी असतो. चार पेंढ्या मी कुठूनही आणतो, विकत घेईन. अर्ध्या पोरांना छोटी कोप करायला लावतो, अर्ध्यांना चांदणी, मग अदलाबदल. मी तिला आकाशकंदीलच म्हणणार, ते सोडणार नाही. ताटं ओली घ्यायची की वाळलेली? आणि खळ कणकेची म्हणालात, ती पातळ ठेवायची का?

मांजराकाठची
वाळलेलीच घ्या, पण आदल्या रात्री ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे वाकवताना फुटत नाहीत. खळ जरा घट्ट, बोटाला धार सुटली पाहिजे. आणि झाल्यावर वर्गात उंच टांगा, कणकेला उंदीर लागतात. आमची एक रात्रीत अर्धी खाल्ली.

तेरणाकाठ
मास्तर, पेंढ्या विकत घेऊ नका. माझ्याकडं दोन उरल्यात. शनिवारी औशाला येतोच आहे, शाळेत टाकून जातो.