मदत हवी आहे: शर्यतीची तारीखच नसेल तर पळायची ओढ कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी,

आज रविवार, १६ मे २०२१. ठरलं होतं तसं झालं असतं तर दोन आठवड्यांनी, ३० मेला, मी मुंबईत माझी पहिली फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटर) पळाले असते. आज टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत न्यायचा काळ, चालू असता, पाय हलके झाले असते, आणि रात्री झोप लागत नसती ती आनंदाने. झोप आताही लागत नाही, पण कारण वेगळं आहे. म्हणून लिहिते आहे.

मी साताऱ्याची, वय ४४. गेली सहा वर्षं पळते. सुरुवात यवतेश्वरच्या घाटात सकाळी चालायला जाण्यापासून झाली. एक दिवस पाऊस आला म्हणून वळणावरच्या झाडापर्यंत पळत गेले आणि मग पळतच राहिले. साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन, चार वेळा केली. जानेवारी २०२० मध्ये मुंबईची हाफ पळाले. सी लिंकवर अजून काळोख होता, खालून समुद्राचा वास येत होता आणि पुढेमागे हजारो पावलांचा एकच आवाज. त्या पुलावरच ठरवलं, पुढच्या जानेवारीत फुल.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर पळायला लागले. टेपने मोजलं तर एक फेरी ४६ मीटर. ११० फेऱ्या झाल्या की पाच किलोमीटर. दर दहा फेऱ्यांनी दिशा बदलायची, नाहीतर आतल्या बाजूचा घोटा धरतो. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर शेंगदाणे ठेवायचे आणि दहा फेऱ्या झाल्या की एक उचलायचा, म्हणजे हिशेब चुकत नाही. खरं सांगते, तेव्हा मजा यायची, कारण जानेवारी समोर होता. ३ जूनपासून सकाळी पाच ते संध्याकाळी सात बाहेर व्यायामाला मुभा मिळाली, तेव्हा पहिल्याच दिवशी घाट चढले आणि वर पोचून रडले.

मग सप्टेंबरची हिल हाफ झाली नाही. जानेवारीची मुंबई ३० मेवर गेली. म्हटलं ठीक आहे, चार महिने जास्त मिळाले. ३० मेपासून मागे मोजून अठरा आठवड्यांचा तक्ता केला आणि २५ जानेवारीला सुरुवात केली. मार्चच्या मध्यावर कास रस्त्यावर २८ किलोमीटरचा लाँग रन झाला, आयुष्यातला सर्वांत लांब. आणि मग दुसरी लाट. आता ३० मेही गेली. पुढची तारीख कोणाकडेच नाही.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर कालनिर्णय आहे. त्यात रोजच्या चौकटीत निळ्या पेनाने किलोमीटर लिहायची माझी सवय. दुधाचा हिशेब कोपऱ्यात, किलोमीटर मध्ये. एप्रिलच्या पानावर सुरुवातीचे चार-पाच आकडे आहेत, पुढे नुसतं दूध. मेचं पान तर उलटायलाच नको वाटत होतं, कारण ३० तारखेला लाल गोल आहे.

दुखापत काहीच नाही. गुडघे ठणठणीत आहेत. सवयीने पावणेपाचला जाग येते, बूटही घालते, आणि दाराशी बसून राहते. बुटांच्या तळाला त्या २८ किलोमीटरची कासची लाल माती अजून चिकटलेली आहे. दहा मिनिटांनी बूट काढून चहा ठेवते. मुलगी पंधरा वर्षांची आहे, परवा म्हणाली, "आई, तू पळायचीस तेव्हा आमच्यावर ओरडायची नाहीस." तेव्हापासून जास्तच लागलं आहे.

व्हर्च्युअल शर्यतही करून पाहिली. फोनमध्ये अॅप, एकटीने २१ किलोमीटर, आठवड्याने कुरिअरने मेडल. ज्यांना त्यातून बळ मिळतं त्यांचं चांगलंच आहे. मला मात्र पाकीट फोडताना काहीच वाटलं नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच आहे. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधले एक काका, वय ६३, गेल्या महिन्यात अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आलेत, पण अंगणात दहा पावलं चाललं की बसावं लागतं. ग्रुपवर रोज कुणाला बेड हवा, कुणाला प्लाझ्मा हवा. अशा दिवसांत शर्यत गेल्याचं दुःख करणं मला स्वतःलाच शोभत नाही असं वाटतं, आणि तरी ते दुःख जात नाही.

तर विचारायचं हे, की तारीख नसताना तुम्ही सराव कशाला बांधता? मला पुढे काहीतरी दिसल्याशिवाय उठता येत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलेल असं वाटत नाही. दुसरं, सध्या बाहेर पडता येत नाही, गच्ची आणि तीन मजल्यांचा जिना एवढंच आहे. त्यावर २८ किलोमीटरचा कमावलेला दम किती टिकेल? आणि या अपराधीपणाचं काय करायचं, हे कुणी अनुभवलं असेल तर जरूर सांगा.

---

प्रतिसाद

ताई, मी प्रशिक्षक नाही, पण ठाण्यात वीस वर्षं पळतोय. तुमची ओढ संपलेली नाही, तुम्ही दमला आहात. फुलची तयारी हे चार-साडेचार महिन्यांचं काम असतं. शेवटी शर्यत होते, महिनाभर विश्रांती मिळते, म्हणून ते सोसतं. तुम्ही जानेवारी २०२० पासून मनाने तयारीतच आहात. सोळा महिने!

तो अठरा आठवड्यांचा तक्ता आधी भिंतीवरून काढा. लाँग रन विसरा. आठवड्याचं अंतर निम्म्यावर आलं तरी चालेल, फक्त एक दिवस तरी दम लागेल असं जोरात करा. दम टिकतो तो त्या जोरावर. अंतर नंतर भरून काढता येतं.

गच्चीत फेऱ्या मोजू नका, घड्याळ लावा. दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. वळणं आखूड असतील तर जोर जिन्यावर करा. तीन मजले पटापट चढायचे, उतरताना कठडा धरून चालत, कारण गुडघ्यावर ताण उतरताना येतो. सहा फेऱ्यांची वेळ लिहून ठेवा आणि चार आठवड्यांनी, त्याच वारी, त्याच वेळी परत मोजा. ही तारीख कुणी पुढे ढकलू शकत नाही. बाहेर जायची मुभा मिळाली की समर्थ मंदिर ते यवतेश्वर एवढाच टप्पा घ्या. घाट तुमच्या दारात आहे, आम्हाला इथे चढ म्हणजे उड्डाणपूल.

प्रतिसाद

मी परिचारिका आहे, कोविड वॉर्डात. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. ड्यूटी संपल्यावर अंघोळ करून मी आमच्या क्वार्टर्सच्या मागे वीस मिनिटं पळते. वेग नाही, अंतर नाही. पहिल्या पाच मिनिटांत वॉर्डातले आवाज कानात असतात, नंतर फक्त माझा श्वास ऐकू येतो. तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी परत जाता येतं. तुम्ही पळणं सोडलंत म्हणून आमच्याकडचा एकही बेड रिकामा होणार नाही, ताई. पण तुमच्या ग्रुपमध्ये धडधाकट माणसं असतील तर रुग्णांच्या नातेवाइकांना डबा मिळत नाही, तिथे मदत करा. परवानगी घेऊन, मास्क लावून.

आणि त्या काकांना एक सांगा. पळायची घाई अजिबात नको. डॉक्टर हो म्हणेपर्यंत फक्त चालणं, तेही धाप लागली की थांबून. जुन्या पळणाऱ्यांना आपला पूर्वीचा वेग आठवतो आणि ते शरीराला ओढतात. छातीत दुखलं, धडधडलं तर लगेच दाखवायचं.

प्रतिसाद

मी बीडचा. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची ३००० मीटरची शर्यत, त्यासाठी टोकियो ऑलिंपिकची पात्रता २०१९ मध्येच मिळवली होती, आणि ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं. म्हणून तो थांबला नाही. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन पळाला, १ तास ३० सेकंद, राष्ट्रीय विक्रम. हा त्याचा मूळ प्रकारही नाही! आणि यंदा मार्चमध्ये पटियाळ्याला स्टीपलचेसमध्ये स्वतःचाच विक्रम मोडून ८ मिनिटं २०.२० सेकंद वेळ दिली. आपण त्याच्या पंक्तीत बसणारे नाही, पण वाट बंद असताना शेजारची वाट पळायची, एवढं आपल्यालाही जमेल. तुम्ही पाच किलोमीटर कधी जीव तोडून पळाला आहात का? बहुतेक लांब पळणाऱ्यांनी ते कधीच केलेलं नसतं.

प्रतिसाद

मी थोडं वेगळं सांगते. महिनाभर पळू नका. मी मागच्या वर्षी तेच केलं. बूट कपाटात ठेवले, पहाटेचा गजर बंद केला, घरी सूर्यनमस्कार घातले. चाळिसाव्या दिवशी स्वप्नात पळाले आणि सकाळी आपोआप उठले. प्रत्येकाला लागू पडेल असं नाही.

---

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद, २० मे

सर्वांचे मनापासून आभार. दोनदोनदा वाचलं.

ठाण्याचे दादा, तुम्ही "दमला आहात" म्हणालात तिथे थांबले आणि पुढचं वाचायला वेळ लागला. हे मला कुणी म्हटलं नव्हतं. तक्ता काढून फायलीत ठेवला आहे. आणि बीडचे दादा, नाही, पाच किलोमीटर जीव तोडून मी कधीच पळालेली नाही, आणि तो प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

परिचारिका ताईंचा निरोप काकांना फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवला. ते खरोखरच जूनमध्ये घाटात यायचं म्हणत होते. काकू फोन घेऊन म्हणाल्या, बरं झालं कुणीतरी सांगितलं. डब्यांसाठी ग्रुपमधले सहा जण तयार आहेत, परवानगीचं काम चालू आहे.

आज पहाटे जिना केला. आमच्याकडे ५४ पायऱ्या आहेत. मुलगी स्टॉपवॉच घेऊन खाली बसली होती, तिनेच ओरडून वेळ सांगितली: सहा फेऱ्या, ९ मिनिटं ४० सेकंद. शेवटच्या फेरीला घशात रक्ताची चव आली, हिल हाफच्या शेवटच्या चढाला येते तशी. आजच्या चौकटीत ९:४० लिहिलं आणि १७ जूनच्या चौकटीत तिने स्वतःच लाल गोल काढला.

एक शंका आहे. आता दोन्ही पोटऱ्या चांगल्याच धरल्या आहेत. मी चवड्यांवर चढत होते. जिन्यावर पूर्ण पाऊल टेकवायचं असतं का? आणि परत कधी करू, उद्या की दोन दिवसांनी?