झोप उडवणारा तुमचा पहिला ॲनिमे (जपानी कार्टून) कुठला? (अनुभव धागा, सांगली-सातारावाले या इकडं)

कृष्णाकाठचा_गडी
परवा ताईचा फोन आला, भाच्याच्या वहीवरनं शाळेत बोलावलंय म्हणून. पोरगं सहावीत आहे. मला वाटलं मारामारी केली का काय. तर गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं एक प्राणी काढलेला. तोंड माणसाचं, पाठीवर पाण्याची टाकी, टाकीतनं दहा-बारा हात बाहेर आलेत आणि प्रत्येक हाताच्या तळव्यात दात. सगळं लाल-निळ्या बॉलपेननं. बाईंनी ताईला सांगितलं, मुलाच्या डोक्यात हिंसा चाललीय, मोबाईल काढून घ्या. ताई रडवेली झालेली. मी वही हातात घेतली आणि डायरेक्ट 2006 सालात गेलो.

गावभागात एका मित्राच्या माडीवर कॉम्प्युटर होता, त्याचा थोरला भाऊ पुण्यात शिकायला, सुट्टीला आला की सीड्या आणायचा. एका सीडीवर मार्करनं नुसतं 'निन्जा' लिहिलेलं. आम्ही ड्रॅगन बॉल झेड बघून वाढलेली पोरं, म्हटलं तसलंच असेल. ते निघालं निन्जा स्क्रोल, योशिआकी कावाजिरीचं, 1993 चं. सुरुवातीलाच दगडी अंगाचा राक्षस एका माणसाचे हात उपटून काढतो. मित्रानं पटकन आवाज बंद केला कारण खाली काकू चपात्या करत होत्या, मग पुढचा अख्खा पिक्चर आम्ही मुक्यानंच बघितला. त्यात एक कुबडा आहे, कुबडात गांधीलमाश्यांचं पोळं. तो पाण्यात पडतो तेव्हा त्याच माश्या स्वतःचा जीव वाचवायला त्याचीच पाठ फोडून बाहेर येतात. घरी आलो तरी झोप नाही, हे एखाद्या माणसाला सुचलं कसं एवढंच डोक्यात. आणि त्यातली ती कागेरो नावाची निन्जा पोरगी, तिच्या अंगातच विष, जो तिला जवळ घेईल तो मरणार. एवढी कापाकापी चाललेली असताना मला रडू आलं ते तिच्यासाठी.

त्यानंतर मीपण वह्याच्या वह्या भरल्या. 2019 च्या पुरात सीड्यांसकट सगळ्यांचा चिखल झाला. भाच्याचं ते पान बघून त्याच वह्या आठवल्या. तुमचं सांगा, लई दिवस झाले असं कुणाशी बोलून.

नाद_खुळा_९४
अकिरा!!! दुसरं नाव घ्यायचं काम नाही. लाल बाईक, ती घसरत आडवी होऊन थांबते तो सीन. मोबाईलच्या एवढुशा स्क्रीनवर बघितलेला तरी काटा आलेला.

वाईची_लेक
माझा पॅरासाइट. मी तेव्हा मिरजेला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, होस्टेलवर एका पांघरुणात तिघी आणि एक फोन. शिनिचीच्या उजव्या हातात किडा शिरतो आणि तो हात बोलायला लागतो, मिगी म्हणजे जपानीत उजवाच. माणसांची डोकी पाकळ्यासारखी उघडतात आणि आत पाती. माझ्या रूममेटनं त्या रात्री लाईट घालवू दिली नाही. पण मला भीती वाटली ती आईच्या भागाची. आई घरी येते, तीच साडी म्हणजे तेच कपडे, तोच चेहरा, आणि आत आई नाहीच. पुढं वॉर्डात ड्युटी लागली तेव्हा एक आजी होत्या, मुलाला ओळखायच्या नाहीत, मुलगा रोज येऊन नुसता बसायचा. मला दरवेळी शिनिची आठवायचा. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही, मेडिकलवाल्यांना सांगितलं की कार्टून काय बघतेस म्हणतात. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

भडंग_विथ_कांदा
ताई चोवीसच भाग आहेत ना त्याचे? आज रात्री सुरू करतो

वाईची_लेक
हो चोवीस. जेवताना बघू नका.

कराडकर_प्रीतिसंगम
माझी गोष्ट उलटी आहे, मला आजीनं तयार केलं. आमचं कुलदैवत कोळे नरसिंहपूरचा नरसिंह, सोळा हातांची मूर्ती. कृष्णेकाठी ते देऊळ, तिथं बसून आजी गोष्ट सांगायची, घरात नाही बाहेर नाही, दिवस नाही रात्र नाही, मग उंबऱ्यावर मांडीवर घेऊन नखांनी पोट फाडलं आणि आतडी गळ्यात घातली. चार वर्षाच्या पोराला हे सांगून झालं की लगेच हातावर प्रसाद. पुढं हेलसिंग अल्टिमेट बघितलं, त्यातला रक्तपिपासू अलुकार्ड लाल कोट घालून येतो, त्याचं अंग डोळ्यांनी भरतं आणि त्यातनं कुत्री बाहेर पडतात, तेव्हा मित्र किंचाळत होते आणि मला एकदम देवळात बसल्यासारखं वाटलं. आजी गेली त्याला आता सहा वर्ष झाली. तिला ते दाखवायला पाहिजे होतं.

कृष्णाकाठचा_गडी
भावा काय लिहिलंयस. ताईला हेच वाचून दाखवतो.

अण्णा_गुरुजी
मला हे ॲनिमे माहीत नाही, नातवानं धागा दाखवला. पण सांगलीकर म्हणून एक सांगतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं 'सीता स्वयंवर' केलं, मराठी नाटक तिथनं धरतात. त्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' असं ओरडत यायचा आणि आया पोरं पोटाशी धरायच्या. तरी पोरं परत यायची ती त्या राक्षसासाठीच. तुमच्या भाच्याला मारू नका.

कृष्णाकाठचा_गडी
नाही गुरुजी, कुणी हात नाही लावला त्याला. नमस्कार.

नाद_खुळा_९४
अलल डुर्र 😂😂 आजपासून माझी रिंगटोन

पोवई_नाका
कुणी डीमन स्लेयर इन्फिनिटी कॅसल थेटरात बघितला का? सप्टेंबरात आम्ही साताऱ्यातनं पाचजण पुण्याला गेलो, पहाटेची एसटी. खालीवर उलटीपालटी होणारा तो वाडा मोठ्या पडद्यावर, पोटात खड्डा पडतो. हिंदीत पण होता पण आम्ही जपानीच बघितला. त्यातल्या अकाझा राक्षसाची मागची गोष्ट लागली, त्याचा बाप, मग ती आजारी पोरगी, आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस रुमाल काढून

भडंग_विथ_कांदा
ओ दादा थांबा की, अजून बघितला नाही

पोवई_नाका
सॉरी सॉरी. पण रुमाल घेऊन जा.

हळदपेठ
मला थोडं वेगळं लिहायचंय. मी बर्सर्कवाला. 1997 ची पंचवीस भागांची सिरीज, मला तेवढीच पुरते, 2016 ची ती कॉम्प्युटरवर केलेली माणसं मला बघवत नाहीत, त्यात हिरो गट्सच्या तलवारीला वजनच नाही. ज्यांनी ग्रहणाचा भाग बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्याला देव मानला त्यानंच सगळ्या सोबत्यांना बळी दिलं.

मे 2021. बाबा ऑक्सिजनवर, मी बाहेर फुटपाथवर, सांगलीत बेड मिळायची काय हालत होती सगळ्यांना माहितीय. 20 तारखेला फोनवर बातमी आली की बर्सर्कची मूळ चित्रकथा काढणारा केंतारो मिउरा गेला, 6 मेलाच गेला होता, 54 वर्षाचा. 1989 पासून तो माणूस एकच गोष्ट काढत होता. मी तिथं बसून रडलो, शेजारच्या काकांना वाटलं माझे बाबाच गेले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मी काही सांगितलं नाही, कसं सांगणार. बाबा नवव्या दिवशी घरी आले. नंतर वाचलं की मिउराचा शाळेपासूनचा दोस्त कोजी मोरी, त्याला त्यानं शेवट पूर्वीच सांगून ठेवलेला, आता तो आणि मिउराच्या स्टुडिओतली मुलं गोष्ट पुढं नेतायत. कुणी म्हणतं आता ती मजा नाही. मला तर एका दोस्तानं दुसऱ्याचं राहिलेलं काम हातात घेतलं एवढंच पुरेसं आहे. प्रत्येक नवीन चॅप्टर मी वाचतो.

वाईची_लेक
मी त्याच मे महिन्यात ड्युटीवर होते. बाबा कसे आहेत आता?

हळदपेठ
एकदम ठणठणीत. सकाळी आमराईत चालायला जातात आणि आल्यावर मला शिव्या देतात 😀 त्या काळात तुम्ही लोकांनी केलं ते विसरणार नाही ताई.

आर्याची_आई
माझी मुलगी तेरा वर्षाची, डेव्हिलमॅन क्रायबेबी बघू का विचारतीय. काय करू?

कराडकर_प्रीतिसंगम
नको वहिनी, तो मोठ्यांसाठीच आहे, मी पंचविसाव्या वर्षी बघून दोन दिवस सुन्न होतो. त्याच्याऐवजी डीमन स्लेयर लावा पण सोबत बसा. रक्त त्यातही आहे पण भावाबहिणीची गोष्ट आहे.

आर्याची_आई
बरं. आणि ते जुनं राम-सीतेचं कार्टून पण जपानी लोकांनी केलेलं ना? 2025 च्या जानेवारीत थेटरात परत लागलेलं. त्यातला कुंभकर्ण बघून आर्या लहानपणी टेबलाखाली बसलेली, यूट्यूबवर लावलेलं मी.

पोवई_नाका
हो, युगो साको आणि आपले राम मोहन, 1992 चा. कुंभकर्ण उठतो तो सीन अटॅक ऑन टायटनमधल्या कुठल्याही टायटनला भारी आहे.

नाद_खुळा_९४
टायटनला भारी?? पहिल्याच भागात एरेनच्या आईचं काय होतं आठवा जरा

पोवई_नाका
आठवतंय म्हणूनच बोललो लगा

पेंटर_मिरज
मी बोर्ड रंगवायचो, तीस वर्ष. फ्लेक्स आले आणि काम गेलं. मुलानं अकिरा दाखवला, म्हटला पप्पा हे सगळं हातानं केलंय, 1988 ला, दीड लाखाच्या वर चित्रं. मी नाही म्हटलं, असं होत नसतं. मग त्यानं दाखवलं की पारदर्शक शीटवर पुढून रेघ मारतात आणि मागच्या बाजूनं रंग भरतात. अहो आम्ही दुकानाच्या काचेवर तेच करायचो! अक्षर उलटं काढायचं, मागनं रंग भरायचा, पुढनं गुळगुळीत दिसतं, ब्रशचा फराटा दिसत नाही. शेवटी त्यातल्या तेत्सुओ नावाच्या पोराचं अंग फुगत जातं, मांस, नळ्या, लहान बाळासारखं होतं, मुलगा म्हटला बंद करू का, मी म्हटलं मागं घे परत दाखव. चार वेळा बघितलं. एका सेकंदाच्या त्या मांसासाठी कुणीतरी महिनाभर गुलाबीच्या छटा कालवल्या असतील. मला किळस नाही आली, मला त्याचे हात दिसत होते.

गडी, तुमच्या भाच्याच्या त्या तळव्यातल्या दातांना सावली दिली आहे का त्यानं?

कृष्णाकाठचा_गडी
दिली आहे काका. निळ्या पेननं, एका बाजूनं. आणि मी त्याला विचारलं टाकी का, तर म्हटला पुराच्या वेळी आपण टाकीवर बसलेलो ना मामा. तेव्हा तो पाचेक वर्षाचा होता. त्याला आठवत असेल असं आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

वाईची_लेक
अरे देवा. हे शाळेतल्या बाईंना सांगितलं का?

कृष्णाकाठचा_गडी
ताई उद्या जाणार आहे. मीपण जातोय सोबत, वही घेऊन.

पेंटर_मिरज
रविवारी त्याला माझ्याकडं आणा. एक जुनी काच ठेवलीय, ब्रश आहेत, लाल थोडा घट्ट झालाय पण टर्पेंटाइन घालून चालेल. जुने कपडे घालून पाठवा.

भडंग_विथ_कांदा
ताई पहिला भाग बघितला. जेवताना बघितला. चूक झाली

कृष्णाकाठचा_गडी
येतो काका. दहाला निघतो, तुमच्यासाठी भडंग आणतो.