माल्टाचा परवाना खरा की खोटा, कसं ओळखायचं?

तेरेखोल
बऱ्याच बेटिंग साइटांच्या तळाशी ‘माल्टा गेमिंग ऑथॉरिटीचा परवाना’ (म्हणजे माल्टा या युरोपातल्या देशाच्या जुगार-नियामकाचा) असं लिहिलेलं असतं. तो खरा आहे हे कसं तपासायचं? आणि भारतातल्या माणसाचे पैसे अडकले तर त्या परवान्याचा काही उपयोग होतो का?

काटेकोर
परवाना क्रमांक MGA ऐवजी कुठल्याही अक्षरांनी सुरू होत असेल तर तिथेच थांबा. खऱ्या क्रमांकात ‘एमजीए’, मग ‘बी टू सी’ (थेट खेळाडूंना सेवा देणारी कंपनी) किंवा ‘बी टू बी’ (दुसऱ्या कंपन्यांना सेवा देणारी), मग आकडा आणि साल असतं. साइटवर लावलेल्या परवान्याच्या शिक्क्यावर क्लिक केल्यावर ऑथॉरिटीचंच पान उघडायला हवं. नुसतं चित्र मोठं झालं किंवा त्याच साइटचं दुसरं पान उघडलं तर शिक्का चिकटवलेला आहे. शिक्क्यावर विसंबूच नका; ऑथॉरिटीच्या साइटवर स्वतः जाऊन परवानाधारकांच्या यादीत कंपनीचं नाव शोधा आणि तिच्या नावापुढे तुम्ही उघडलेला वेबपत्ता अक्षरन् अक्षर जुळतो का पाहा. एखादा आडवा दांडा (-) जास्त असला तरी ती साइट वेगळी.

सगळ्यात जास्त फसगत ‘बी टू बी’मध्ये होते. तो परवाना खेळाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा असतो. गेम परवानाधारक कंपनीचा, पण तुमचे पैसे घेणारी साइट भलतीच, असं सर्रास चालतं.

हिशेबी
परवाना 10 वर्षांचा असतो. अर्जाचेच 5,000 युरो, परत न मिळणारे. कॅसिनो, सट्टा किंवा पोकर चालवायला वर्षाला 25,000 युरो, कौशल्याच्या खेळांना 10,000. शिवाय उत्पन्नावर अंशदान वेगळं. खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात. एवढा खर्च आणि हिशेब डोक्यावर असलेली कंपनी टेलिग्रामवर सट्ट्याच्या खात्यांचे ‘आयडी’ वाटत फिरत नाही.

काटेकोर
आता भारताचं. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. माल्टाचा परवाना इथे परवानगी ठरत नाही.

पैसे अडकतात ते बहुधा काढताना. व्हीपीएन लावून, दुसरा देश दाखवून खातं उघडलेलं असतं. रक्कम काढायला गेलं की ओळखपत्र मागतात, त्यावर भारताचा पत्ता दिसतो आणि अटींचा भंग म्हणून खातं बंद. मग तक्रारीत दम राहत नाही.

त्याहून वाईट म्हणजे भरणा एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या यूपीआयवर करायला सांगतात. ते भाड्याने घेतलेलं खातं असतं. त्यावर सायबर तक्रार आली की व्यवहारांची साखळी पोलीस तपासतात आणि तुमच्या बँकेतलंही खातं गोठू शकतं. पगाराचं खातं असेल तर घरखर्च, हप्ते, सगळंच अडकतं.

तेरेखोल
मग युरोपातल्या खेळाडूला तरी संरक्षण आहे का?

हिशेबी
आहे, पण अर्धवट. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग तिने नेमलेल्या त्रयस्थ तंटा-निवारण संस्थेकडे. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या कोर्टांनी मात्र खेळाडूंना हरलेले पैसे परत द्या असे निकाल दिले. त्यावर माल्टाने 2023 मध्ये गेमिंग कायद्यात कलम 56अ घातलं. परवान्याच्या चौकटीत राहून केलेल्या धंद्याविरुद्धचे असे परदेशी निकाल माल्टाच्या कोर्टांनी मान्य करू नयेत, असं ते सांगतं. 2025 च्या जूनमध्ये युरोपीय आयोगाने याच कलमावरून माल्टाविरुद्ध कारवाई सुरू केली.